फुकटची बातमी कितीला पडते?

महिनाअखेर आली की वर्तमानपत्राचा एजंट बिलाची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहतो. नेमकी त्याच सुमारास दुकानदाराची उधारी चुकती करायची असते, वीजबिल आलेले असते आणि मुलांच्या शाळेचा काही ना काही खर्च निघालेला असतो. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "सगळ्या बातम्या मोबाइलवर फुकट दिसतात, आता हा पेपर कशाला हवा?"

प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याच्या घरात पै-पैचा विचार करूनच खर्च करावा लागतो, आणि नुसती जुनी सवय म्हणून कोणताही खर्च चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. पण हिशोब करायचाच तर तो पुरता करावा. बैल घेताना आपण नुसती किंमत विचारत नाही. दात पाहतो, चाल पाहतो, तो कुणाच्या दावणीचा आहे याची चौकशी करतो. बातमीचेही तसेच आहे. ती कितीला मिळते एवढेच विचारून भागत नाही. ती कुणाकडून आली आणि खोटी निघाली तर जाब कुणाला विचारायचा, हेही पाहावे लागते.

रोख पैशाचा हिशोब

आधी रोख पैशाचे पाहू. समजा आपल्या गावात येणारे वर्तमानपत्र रोज पाच रुपयांना मिळते. वर्षाच्या ३६५ दिवसांचे १,८२५ रुपये झाले. सणावाराच्या सुट्ट्यांमुळे काही दिवस अंक निघत नाही, तेवढे कमी होतील. वर्षभराची रद्दी विकून थोडे पैसे परत येतील.

आता मोबाइलचे पाहू. रिचार्ज महिन्याचा आहे असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो २८ दिवसांचा असतो. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. एका रिचार्जला ३०० रुपये धरले तर एका फोनचे वर्षाला ३,९०० रुपये होतात. घरात असे तीन फोन असतील तर ११,७०० रुपये. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे घालून हा हिशोब एकदा वहीत मांडून पाहावा.

पण हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की रिचार्ज आपण केवळ बातम्यांसाठी करत नाही. पुण्याला शिकणाऱ्या मुलाशी बोलायचे असते, बँकेचा निरोप यायचा असतो, व्यापाऱ्याला फोन करायचा असतो. तो खर्च पेपर बंद केला तरी होणारच आहे. तेव्हा केवळ रोख पैशापुरते बोलायचे तर मोबाइलवरची बातमी स्वस्त पडते, यात वाद नाही. २०१६च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि खेडोपाडी पोचले. त्याचा फायदा शेतकऱ्याला झालाच आहे. खरा प्रश्न रोख पैशाच्या पलीकडचा आहे.

बातमीचा धनी कोण?

कोणतेही वर्तमानपत्र हाती घ्या आणि त्याच्या शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी पाहा. तिथे बारीक अक्षरात एक मजकूर असतो. मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, अंक कुठे छापला, संपादक कोण, हे सारे त्यात दिलेले असते. बहुतेक वाचक ती ओळ कधीच वाचत नाहीत. पण साऱ्या अंकात तीच सर्वांत मोलाची ओळ आहे. १८६७च्या कायद्याने ती छापणे सक्तीचे केले. त्या कायद्याची जागा आता २०२३च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे.

या ओळीचा अर्थ साधा आहे. या अंकातील मजकुराला धनी आहे. चुकीचे छापले तर संपादकाला पत्र लिहून खुलासा मागता येतो. त्याने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकाच्या बाबतीत ही तक्रार मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. त्याहून गंभीर प्रकरण असेल तर कोर्टाचा दरवाजा आहेच.

याउलट व्हॉट्सॲपच्या गटावर जो मजकूर येतो, त्याच्या तळाशी काय असते? "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" एवढेच. लिहिणारा कोण, केव्हा लिहिले, कुठल्या गावी घडले, याचा पत्ता नाही. मजकूर पाठवणारा आपला भाऊबंद असतो, म्हणून आपण विश्वास ठेवतो. पण त्यालाही तो दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला असतो. भाऊबंद खरा असला म्हणजे बातमी खरी असतेच असे नाही.

निनावी बातमीची किंमत

निनावी बातमीची किंमत किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप गावोगावच्या फोनवर फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जण आले होते. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. जमावाने त्यांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. पाच निरपराध माणसे गेली. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. पण गेलेले जीव परत आले नाहीत.

दुसरे उदाहरण कोंबडीपालकांचे आहे. २०२०च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा फोनवरून पसरली. तिला कसलाही आधार नव्हता. पण लोकांनी चिकन खाणे सोडले आणि ब्रॉयलरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली घसरला. कित्येक पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पिल्ले जमिनीत गाडली. कर्ज काढून शेड उभारलेल्या कुटुंबांनी ही झळ सोसली. ज्याने पहिला निरोप लिहिला त्याचे नाव आजही कुणाला ठाऊक नाही. मग भरपाई कुणाकडे मागायची? फुकटची बातमी अशी महागात पडते. फक्त बिल भलत्याच्याच दारी जाते.

छापले म्हणजे खरे, असेही नव्हे

याचा अर्थ कागदावर छापले म्हणजे वेदवाक्य झाले, असा मात्र कुणी घेऊ नये. वर्तमानपत्रेही चुकतात, आणि क्वचित मुद्दामही चुकतात. २००९च्या निवडणुकांत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचे प्रकार महाराष्ट्रातही उघडकीस आले. प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करून २०१०मध्ये अहवाल द्यावा लागला. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून सर्वांच्या तोंडी झाला.

कांद्याचे उदाहरण तर ताजे आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली होती आणि ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. १८ फेब्रुवारी २०२४च्या सुमारास बंदी उठल्याच्या बातम्या झळकल्या. त्या टीव्हीवर आल्या, मोबाइलवर आल्या आणि वर्तमानपत्रांतही आल्या. लासलगावच्या बाजारात १७ फेब्रुवारीला सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, तो १९ तारखेला १,८०० रुपयांवर गेला. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला की बंदी उठलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. चढलेल्या भावाचा आधारच गेला. पुढे मार्चअखेरीस बंदी आणखी लांबली आणि प्रत्यक्षात ती ४ मे २०२४ रोजी उठली. फेब्रुवारीत ज्याने "आता भाव आणखी चढेल" म्हणून रांगडा कांदा घरात ठेवला असेल, त्याचे हाल काय झाले असतील ते कांदा उत्पादकाला सांगायला नको. रांगडा कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही.

यातून धडा एवढाच घ्यायचा. सरकारी निर्णयाची बातमी वाचली की "आदेश निघाला का? कोणत्या तारखेचा?" हे दोन प्रश्न विचारावेत. मंत्र्याचे बोलणे वेगळे, बैठकीतली चर्चा वेगळी आणि निघालेला आदेश वेगळा. चांगल्या बातमीत अधिसूचनेचा उल्लेख आणि तारीख असते. नसेल तर एक दिवस थांबावे.

तारखेचे महत्त्व

वर्तमानपत्राच्या प्रत्येक पानावर तारीख असते. ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचे मोल कळत नाही. मोबाइलवरचा मजकूर मात्र वर्षानुवर्षे फिरत राहतो. पीकविम्याचेच पाहा. राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला. खरीप २०२५ पासून ती सोय बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपासाठी दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीसाठी दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांसाठी पाच टक्क्यांपर्यंत असा झाला. पण एक रुपयाचा जुना निरोप आज कुणी पुढे पाठवला, तर वाचणाऱ्याला तो जुना आहे हे कसे कळणार? तो निश्चिंत राहील आणि विम्याची मुदत निघून जाईल. निरोप खोटा नव्हता. तो शिळा होता. शिळी बातमीही खोट्या बातमीइतकेच नुकसान करते.

जमिनीची नोटीस कुठे येते?

आणखी एक बाब प्रत्येक खातेदाराने ध्यानात ठेवावी. जमिनीसंबंधीच्या कितीतरी नोटिसा आजही कायद्याने वर्तमानपत्रातच द्याव्या लागतात.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६च्या कायद्याप्रमाणे अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो आणि त्यांतील एक स्थानिक भाषेतील असावे लागते. त्यावर हरकत घेण्यासाठी अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून अवघे २१ दिवस मिळतात. इतर भूसंपादनासाठी २०१३चा कायदा आहे. त्यातही प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत, त्यांतील एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, द्यावी लागते. शिवाय ती ग्रामपंचायतीत लावावी लागते आणि सरकारी संकेतस्थळावर टाकावी लागते. तिथे हरकतीसाठी ६० दिवस आहेत.

शेजारच्या गटाची खरेदी होत असताना वकील जी "जाहीर नोटीस" देतात, तीही पेपरातच छापून येते. सामाईक जमिनीत आपला हिस्सा असेल, बहिणीचा हक्क असेल, वहिवाटीच्या रस्त्याचा वाद असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवणे हिताचे असते. ही नोटीस कुणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. आपल्या तालुक्याच्या नोटिसा रोज नजरेखालून घालणारा एक माणूस घरात असला, तर वर्षाची वर्गणी एका दिवसात वसूल होऊ शकते.

मोबाइल कुठे सरस आहे?

आता मोबाइलची बाजूही नीट मांडली पाहिजे. ज्या गोष्टी तासातासाला बदलतात, तिथे कागद कमी पडतो. रात्री छापलेला आणि सकाळी एसटीने आलेला पेपर दुपारी येणाऱ्या गारपिटीची सूचना देऊ शकत नाही. त्यासाठी हवामान खात्याने २०१९मध्ये सुरू केलेले 'मेघदूत' ॲप आहे. त्यावर मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत मिळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असल्यास कळवते. रानात काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते असलेच पाहिजे.

बाजारभावाचेही तेच. पेपरात कालचा भाव असतो. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे दर आणि आवक रोज पाहता येते, तेही मोफत. मात्र दर वाचताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात हे विसरू नये. गटावर फिरणाऱ्या निरोपात अनेकदा फक्त कमाल दर असतो. तो दोन-चार उत्तम गोण्यांना मिळालेला असू शकतो. गाडी भरण्यापूर्वी सर्वसाधारण दर पाहावा आणि आवक वाढते आहे की घटते आहे तेही पाहावे.

हे सारे फुकट आहे आणि तरीही विश्वासाचे आहे, कारण त्याला धनी आहे. तेव्हा झगडा कागद आणि मोबाइल यांचा नाहीच. नावगाव सांगणारी बातमी आणि निनावी बातमी, हा खरा भेद आहे. एखादे वृत्त-संकेतस्थळ आपल्या संपादकाचे नाव, पत्ता आणि बातमीची तारीख देत असेल, तर ते छापील पेपराच्याच पंक्तीला बसते.

घरात वाचणारे किती?

कुटुंबाचा विचार करताना आणखी एक हिशोब मांडावा. फोन एकाच्या खिशात असतो. तो कारभाऱ्याबरोबर मळ्यात जातो, तालुक्याला जातो. वर्तमानपत्र मात्र घरातच राहते. सकाळी आजोबा वाचतात, दुपारी स्वयंपाक उरकल्यावर घरची बाई वाचते, संध्याकाळी मुले वाचतात. बचत गटाची योजना, शिष्यवृत्तीची मुदत, भरतीची जाहिरात या गोष्टी बहुतेक वेळा आधी तिच्याच नजरेस पडतात. शाळकरी मुलाला रोज एक बातमी मोठ्याने वाचायला लावली तर वाचन सुधारते, वेगळी शिकवणी लागत नाही. आणि पेपर वाचून संपतो. फोनवरची बातमी संपत नाही. एकीतून दुसरी निघते आणि तास कसा गेला ते कळत नाही.

रद्दीबद्दल एक सूचना. पेपरात भजी, पोळी किंवा भाकरी गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नात उतरते आणि ती आरोग्याला घातक असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तशी मनाई केलेली आहे.

गावची बातमी कोण आणणार?

शेवटी एक मोठा प्रश्न उरतो. पंचायत समितीच्या बैठकीत काय ठरले, कालव्याचे आवर्तन का लांबले, बाजार समितीत वजनकाट्यावर काय चालते, हे पाहायला कुणीतरी तिथे जाऊन बसावे लागते. त्या माणसाचेही पोट आहे. वर्तमानपत्राची किंमत त्याच्या छपाईच्या खर्चालाही बहुधा पुरत नाही. उरलेला भार जाहिराती उचलतात. वाचकाने आपला वाटा काढून घेतला की सगळा भार जाहिरातदारावर जातो, आणि ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध लिहिणे अवघड होते. मोबाइलवर एखाद्या टॉनिकची वाहवा करणारी चित्रफीत फुकट दिसते, ती कुणाच्या पैशाने तयार झाली हे विचारून पाहावे.

मुकुंदराव पाटलांनी १९१०पासून आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यातून 'दीनमित्र' चालवले. पुढे ते तरवडी गावाहून निघत असे. ना रस्ता, ना वीज, अशा काळात शेतकऱ्याची बाजू मांडणारे पत्र खेड्यातून निघाले आणि पन्नासहून अधिक वर्षे चालले. आज साधने कितीतरी वाढली आहेत. ती कुणाच्या हाती राहावीत, हे काही अंशी आपल्या वर्गणीवरही ठरते.

काय करावे?

ज्यांना झेपते त्यांनी एक दैनिक किंवा निदान एक साप्ताहिक घरी चालू ठेवावे. न झेपल्यास चार घरांनी मिळून एक अंक घ्यावा; खर्च चौथाई होतो. गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे वर्तमानपत्रे येतातच, तिथे जावे. नसेल तर ग्रामसभेत वाचनालयाची मागणी करावी. घेतलेला पेपर वर्षातून एकदा तपासावा. त्यात आपल्या तालुक्याच्या बातम्या येतात का, चूक झाल्यास खुलासा छापतो का, हे पाहून समाधान नसेल तर खुशाल बदलावा.

मोबाइलवर आलेल्या मजकुरात कुणी, केव्हा आणि कुठे या तिन्हींची उत्तरे नसतील तर तो पुढे पाठवू नये. पीकसल्ल्याबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मोफत विचारता येते. सरकारी योजनेच्या नावाने एखादी फाईल उघडायला सांगणारा निरोप आला तर ती उघडू नये. पैशाची फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, लॉट नंबर पाहतो आणि पावती जपून ठेवतो. न उगवल्यास दाद मागता यावी म्हणून. बातमीही घरात येणारे बियाणेच आहे. तिच्यावर भाव ठरतात, विमा ठरतो, जमीन राहते किंवा जाते. बिनलेबलाचे बियाणे फुकट मिळाले तरी आपण पेरत नाही, मग बिननावाची बातमी का पेरावी?